अंगठ्याच्या आड

घाटकोपर, ९ एप्रिल १९७२

रत्ना,

पाचला नळ यायचा. मी दोन हंडे भरून वर येईपर्यंत तू उठून बसलेली असायचीस, डोळे अर्धे मिटलेले आणि पुस्तक मांडीवर. मी शेगडीला वारा घालायची, परातीत पीठ घ्यायची. तुझे बाबा खिडकीला आरसा टेकवून दाढी करायचे. मी म्हणायची, "मोठ्याने वाच गं, झोपशील नाहीतर." मग तू वाचायचीस. पहिली भाकरी तव्यावर पडायची तेव्हा तुझा धडा सुरू व्हायचा आणि बाबांचा डबा बांधून होईपर्यंत तो दोनदा वाचून झालेला असायचा. बाबा जाताना म्हणायचे, "आमच्या घरात रेडिओची गरज नाही." आज सकाळी पीठ मळताना हे आठवलं आणि हात थांबले, म्हणून पत्र लिहायला घेतलं.

घेतलं म्हणजे समोरच्या खोलीतली उत्तरा लिहून देते आहे. ती तुला आठवण सांगते.

तू इथे आल्याला दोन गणपती झाले. गेल्या महिन्यात चेंबूरच्या बाजारात आपले जावई काशीराम भेटले. बेबीला दात आले, ती चालते, असं सांगितलं. मी आणखी काही विचारायच्या आत त्यांची बस आली. तुमचं ट्रॉम्बे काही लांब नाही. तरी मी आले नाही, कारण तू काय म्हणून गेलीस ते माझ्या लक्षात आहे.

तू हळदीकुंकवाला गेली होतीस आणि तिथे तुला तुझ्या सातवीच्या प्रधान बाई भेटल्या. त्या म्हणाल्या, "अगं, पासष्ट साली तू स्कॉलरशिपच्या यादीत होतीस. घरी कार्ड गेलं होतं. आली का नाहीस?" तू तशीच हातात वाण घेऊन माझ्याकडे आलीस. मी म्हटलं, "मला कुठे वाचता येतं? आलं असेल, रद्दीत गेलं असेल." तू म्हणालीस, "शेजारच्या एकाला दाखवलं असतंस, आई. तेवढंही जड झालं तुला?" आणि जिना उतरलीस.

इथलं सांगण्यासारखं म्हणजे कारखान्यात परवा एक गोष्ट झाली. बाटल्यांना लेबल चिकटवायचं आमचं टेबल. लहान मुलांच्या खोकल्याच्या औषधाच्या बाटल्यांवर अंगाला चोळायच्या औषधाची लेबलं चालली होती. वरून चुकीचा गठ्ठा आला होता. मी काम थांबवलं. मुकादम ओरडला, मग त्याने बाटली उजेडात धरून बघितली. "तुला कसं कळलं?" म्हणाला. मी म्हटलं, "रंग वेगळा वाटला."

बाकी ठीक. तब्येत सांभाळ.

आई

घाटकोपर, १६ एप्रिल १९७२

रत्ना,

मागचं पत्र उत्तराने लिहिलेलं नाही. मी लिहिलं. हेही मीच लिहिते आहे.

आणि त्या लेबलांचा रंग वेगळा नव्हता. दोन्ही पिवळीच होती. मी ती वाचली.

आता तू पत्र खाली ठेवलं असशील. पुन्हा उचललंस की पुढचं वाच.

मला वाचायला तू शिकवलंस. तुला ते माहीत नाही. मी मोठ्याने वाच म्हणायची ते तू झोपशील म्हणून नव्हे. तुझा धडा माझ्या कानात बसायचा. तू शाळेत गेलीस की दुपारी मी तेच पान उघडायची. शब्द तोंडपाठ असायचे, फक्त कुठला कुठे आहे ते शोधायचं. "कमळ" कुठे, "बदक" कुठे. पहिलीच्या पुस्तकाला मला पूर्ण वर्ष लागलं. तू चौथीत गेलीस तेव्हा मी तुझ्या मागोमाग होते. पाचवीत तुझं इंग्रजी सुरू झालं, ती अक्षरंही मी घेतली. पुढे ती डब्यांवर आणि लेबलांवर रोज भेटत गेली. लिहायला शेगडीतल्या कोळशाने फरशीवर शिकले. पुसायला सोपं.

तुझ्या बाबांनी मला एकदा पकडलं. ते पाळीवरून लवकर आले आणि मी त्यांचं वर्तमानपत्र घेऊन बसले होते. ते दारात उभे राहिले. मग म्हणाले, "जानके, चित्रं बघतेस की काय?" मी म्हटलं, "चित्रंच." ते म्हणाले, "मग पान उलट, त्या पानावर चित्र नाही." खूप हसले. कुणाला सांगितलं नाही, कारण मी नको म्हटलं. तुझ्या आजीला आवडलं नसतं. त्यानंतर ते वाचनालयातून दोन पुस्तकं आणायचे आणि एक डब्यांच्या मागे ठेवायचे.

ते कावीळ होऊन गेले तेव्हा तू बारा वर्षांची होतीस. कारखान्याने त्यांच्या जागी मला पॅकिंगमध्ये घेतलं. टाइमकीपर भीमराजने मला काही विचारलंच नाही. शाईचा पॅड पुढे केला आणि माझा अंगठा धरून रजिस्टरवर दाबला. माझ्या आधीच्या चार बायांचा तसाच दाबला होता. मला म्हणता आलं असतं, सही येते मला. पण तेव्हा तुझ्या बाबांना जाऊन बावीस दिवस झाले होते आणि एक वाक्य बोलायचंही बळ नव्हतं. नंतर सवय झाली. नंतर सोय झाली.

आठ वर्षं मी पगाराला अंगठा देते. वाचनालयात "उत्तरासाठी पुस्तक हवं" म्हणते. उत्तराला ठाऊक आहे. ती हसते आणि म्हणते, "मावशी, माझ्या नावावर तुम्ही किती वाचलंय, मला लोक विद्वान समजायला लागलेत."

मला वाचता येत होतं. यातून पुढे काय निघतं ते तू ओळखशील. ते मला आज लिहिता येत नाही. पण लिहीन.

आई

घाटकोपर, ३० एप्रिल १९७२

रत्ना,

विद्याधर साहेब म्हणून नवे अधिकारी आले आहेत, तरुण आहेत. त्यांनी मला बोलावलं. टेबलावर दोन्ही लेबलं शेजारी शेजारी ठेवली होती.

म्हणाले, "बाई, यातला रंग कुठे वेगळा आहे ते दाखवा."

मी लेबलं हातात घेतली आणि परत ठेवली.

"मुकादमाला वाचता येतं आणि त्याच्या लक्षात आलं नाही. तुम्ही अंगठा देता आणि तुमच्या लक्षात आलं. मला हे समजून घ्यायचंय."

मी म्हटलं, "साहेब, मुकादम लेबलाकडे बघत नाहीत, बायांकडे बघतात." ते हसले, पण विषय सोडला नाही. म्हणाले, तपासणीचं वेगळं टेबल होणार आहे. लेबल, नंबर, तारीख चिठ्ठीशी ताडून बघायची आणि वहीत लिहायची. बायांमधूनच एक घ्यायची आहे. जिला करायचंय तिने वीस मेपर्यंत स्वतःच्या हाताने अर्ज लिहून द्यावा. "तुम्ही काय आहात ते तुम्हाला ठाऊक आहे. मी फक्त कागद मागतोय."

जेवणाच्या सुट्टीत कृष्णाबाईने डबा उघडता उघडता विचारलं, "गे जानके, सायबान कित्याक बोलावलान?" मी सांगितलं. तिने घास तोंडाशीच थांबवला. "तू? आणि अर्ज? म्हातारपणी बालिस्टर होतलंस?" सगळ्या हसल्या. मीही हसले. घरी येऊन कागद घेतला, "मा. साहेबांस" लिहिलं आणि पुढे लिहिता येईना. भीती साहेबांची नव्हती, बायांचीही नव्हती. मी हा अर्ज दिला की जानकी पालवला वाचता येतं हे चारचौघांत कळणार, ट्रॉम्बेपर्यंत पोचणार, आणि तू विचारणार. मग म्हटलं, तिने विचारायच्या आधी आपणच सांगावं.

कार्ड जून महिन्यात आलं. बुधवार होता, माझी दुसरी पाळी होती म्हणून मी घरी होते. तू रॉकेलच्या रांगेत गेली होतीस. पोस्टमनने दारातून आत टाकलं. मी उचललं आणि वाचलं. कुठल्याही शब्दावर अडले नाही. तू पास झाली होतीस, निवड झाली होती, मला शाळेत बोलावलं होतं.

तुझ्या आजीची डावी बाजू बाबांच्या दिवसांतच गेली होती. ती पलंगावरून म्हणाली, "काय आला?" मी म्हटलं, "शाळेचं." ती म्हणाली, "चेडवाक शाळेत धाडून कोणाचा भला झाला? माझा पाणी कोण दितला?" ती आता नाही, पण मी तिच्यावर ढकलत नाही. तिने फक्त विचारलं. कारखाना सोडला तर खायचं काय, आणि गेले तर तिला उठवायचं कोणी, हा हिशेब मी तिच्या आधीच केला होता. तू तेरा वर्षांची होतीस, हाताला चलाख होतीस, आणि उलटून बोलत नव्हतीस.

मी कार्ड शेगडीत घातलं. वर डाळ शिजत होती.

तू रॉकेल घेऊन आलीस आणि विचारलंस, "आई, पोस्टमन आला होता?" मी म्हटलं, "नाही." महिनाभर तू रोज विचारत होतीस. मग थांबलीस. प्रधान बाईंची त्या सुट्टीत मुलुंडच्या शाळेत बदली झाली होती आणि नव्या बाईंना जाऊन विचारायची तुला लाज वाटली. मला ते दिसत होतं. तुझी लाज माझ्या उपयोगी पडली.

आणि दोन वर्षांपूर्वी तू दारात उभी राहिलीस तेव्हा मी माझ्या अंगठ्याच्या आड लपले.

रत्ना, शेजाऱ्याला न दाखवल्याचा राग धरून तू गेलीस. खरी गोष्ट त्याहून वाईट आहे. ती कळल्यावर तू माझं तोंड बघणार नाहीस असं होऊ शकतं. हे धरून मी लिहिलं आहे.

आई

घाटकोपर, २१ मे १९७२

रत्ना,

तुझं उत्तर आलं नाही. आधी मी ठरवलं होतं, तुझं काहीतरी येऊ दे, मग अर्ज देऊ. मग वाटलं, ही पुन्हा तीच चाल झाली. आधी आजीच्या नावाने, मग उत्तराच्या नावाने, आता तुझ्या नावाने मी थांबणार. दहा तारखेला अर्ज दिला. बारा ओळी झाल्या. उत्तराला दाखवला नाही. चुका असतील तर त्या माझ्या असू देत.

साहेबांनी वाचला आणि वहीतल्या दोन नोंदी माझ्याकडून लिहून घेतल्या. म्हणाले, "एक तारखेपासून या. मस्टरवर आता सही करा."

भीमराजची वाट लागली. "बाई, आठ वर्षं अंगठा, आज सही. मी वरती काय सांगू? उद्या म्हणतील ही कोण दुसरीच बाई आली."

मी म्हटलं, "सांग, तीच आहे. तू तेव्हा विचारलं नव्हतंस."

"तू तरी बोलायचंस ना!"

"ते खरं," मी म्हटलं. खरंच आहे ते.

कृष्णाबाई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मला बाजूला घेऊन गावाकडून आलेलं पत्र पुढे केलं. म्हणाली, "त्या उत्तराकडे नको, ती पोर हसता. तू वाच. आणि मोठ्यान वाचू नको." भावाचं पत्र होतं. मी तिच्या कानाशी वाचलं. मग ती म्हणाली, "माका 'क' लिवक शिकव." सुट्टीत आम्ही खोक्यावर क लिहितो. तिचा क पोटाला फुगतो.

गुरुवारी काशीराम येऊन गेले. उभ्यानेच बोलले. "ती म्हणते, पत्रं पाठवू नका. दोन दिवस जेवली नाही नीट." मी विचारलं, पत्रं फाडली का? म्हणाले, "नाही. ट्रंकेत ठेवलीत, कपड्यांच्या खाली." मग जाता जाता म्हणाले, "मला लग्नात सांगितलं होतं तिने, मला डोकं नाही, स्कॉलरशिपला नापास झाले म्हणून. मी म्हटलं होतं, चालेल, मी पण माळी आहे."

म्हणून तुझं सांगणं मोडून हे लिहिते आहे. स्टेशनच्या पलीकडे मुलींची रात्रशाळा आहे. साडेसहा ते नऊ. सातवी पास झालेल्या बाईला आठवीत घेतात, वय बघत नाहीत. मी जाऊन पाहून आले. बाकांवर बसलेल्यांत एक चाळिशीची नर्सबाई आहे, एक पोटुशी मुलगी आहे. जूनमध्ये वर्ग सुरू होतो. शाळा सोडल्याचा दाखला लागतो. तुझा तो सातवीनंतर कुणी नेलाच नाही, तो शाळेतच असेल.

तू मला माफ कर म्हणून हे सांगत नाही. त्याचा याच्याशी संबंध लावू नकोस. तुला डोकं आहे, हे मला एका कागदावर लेखी आलं होतं आणि ते मी एकटीने वाचलं. ते तुला सांगणं माझ्याकडे सात वर्षं राहून गेलं आहे.

आई

घाटकोपर, १३ जून १९७२

रत्ना,

तू रविवारी आलीस. जे बोलणं झालं ते तुला ठाऊक आहे, तरी मी लिहून ठेवते, कारण पुढे मला त्यातलं सोयीचं तेवढंच आठवेल. तशी मला सवय आहे.

तू बेबीला कडेवर घेऊन दारात उभी होतीस. मी "ये" म्हटलं. तू बसली नाहीस. म्हणालीस, "कार्डावर काय होतं? शब्दन् शब्द सांग."

मी सांगितलं. "कुमारी रत्नप्रभा गुणाजी पालव, इयत्ता सातवी, हिची माध्यमिक शाळा शिष्यवृत्तीसाठी निवड झाली आहे. पालकांनी तीस जूनपूर्वी मुख्याध्यापिकांना समक्ष भेटावे."

"पाठ आहे तुला."

"हो."

मग तू बसलीस, भिंतीला टेकून. बेबी डब्यांकडे गेली. तू म्हणालीस, "आजीपाशी ठेवलंस याचा राग नाही मला. तू मला विचारलं असतंस, कार्ड हातात देऊन, की बाई गं असं आहे, काय करू या, तर मी राहिलेही असते. कदाचित रडून राहिले असते. पण सरकारने मला पास केलं आणि तू नापास केलंस. सात वर्षं मी कुठेही चार माणसांत बोलायला लागले की मनात म्हणते, गप बस, तुला काय कळतं."

मी बेबीकडे बघत बसले.

"बोल ना आता. पत्रात तर बरीच बोलतेस."

मी म्हटलं, "ते मी केलं. दुसऱ्या कुणी नाही."

बेबीने डबा पाडला, पोहे सांडले. आपण दोघी खाली बसून गोळा करायला लागलो. तू माझ्याकडे न बघता विचारलंस, "रात्रशाळेत गेले तर हिला कुठे ठेवू?"

"इथे. साडेपाचला सुटते मी. रात्री शाळा सुटली की काशीराम येऊन तुम्हा दोघींना घेऊन जातील."

"त्याला विचारलंस?"

"नाही. ते तुझं तू विचार."

"लोक हसतील. लेक शाळेत आणि पोर आजीकडे."

"हसू देत. माझ्यावर जेवणाची सुट्टीभर हसले. मग त्यातलीच एक शिकव म्हणत आली."

मग तू तो प्रश्न विचारलास, जो मला वाटलं होतं तू विचारशील. "आणि हिचं दुखलं खुपलं, दिवसा कुणी बघायला लागलं, तर तू तुझं ते तपासणीचं टेबल सोडशील?"

मला हो म्हणता आलं असतं. त्या क्षणी तुला तेच ऐकायला हवं आहे असंही वाटलं. मी म्हटलं, "नाही. रजा टाकीन. टेबल सोडणार नाही."

तू माझ्याकडे बघितलंस. दोन वर्षांनी पहिल्यांदा सरळ बघितलंस. "सोडीन म्हणाली असतीस ना, तर मी उठून गेले असते. म्हटलं असतं, परत खोटं बोलते."

चहा टाकला होता तो तू घेतला नाहीस. शाळेत जाईन म्हणाली नाहीस, जाणार नाही असंही म्हणाली नाहीस. जिन्यावरून म्हणालीस, "मला विचार करू दे. मध्ये मध्ये करू नकोस." बेबीने मात्र हात हलवला.

तुझे बाबा असते तर या सगळ्यात काय म्हणाले असते, ते मी रोज थोडं थोडं ठरवते आणि रोज बदलते. आठ वर्षं झाली, पण संध्याकाळी दाराशी पाऊल वाजलं की अजून मान वळते. त्यांना मी कार्डाचं सांगितलं नसतं. ते असते तर कार्ड जळलंच नसतं, हेही खरं.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे काल, मी अर्धी रजा घेऊन तुझ्या जुन्या शाळेत गेले. तिथल्या कारकुनाने पासष्टचं रजिस्टर काढलं. तुझा दाखला अर्धा भरलेला होता, कारणाचा रकाना रिकामा. तो म्हणाला, "घरगुती अडचण लिहू?" मी म्हटलं, "आईने पाठवलं नाही, असं लिहा." तो म्हणाला, "असं लिहीत नसतात, बाई." मी म्हटलं, "मग पुढे शिकायचे आहे, असं लिहितात का?" तो म्हणाला, तसं लिहितात. तो लिहायला लागला तेव्हा मी त्याला थांबवलं. ते तू ठरवायचं आहेस. रकाना रिकामाच ठेवायला सांगितला. तो कुरकुरला, पण शिक्का मारून दिला.

रात्रशाळा वाटेत होती. दार उघडं होतं, नावं घ्यायला बाई बसल्या होत्या. मी आत गेले नाही. पोस्टात गेले, दाखला पाकिटात घालून तुझ्या नावावर रजिस्टर केला, आणि कामावर गेले.

आई